ठासणीच्या नळीत कोणती दारू?

सप्टेंबर संपत आला की सिंधुदुर्गात भाताचा दाणा भरू लागतो आणि रात्री रानडुकरं शेतात उतरतात. एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातात. मांगरात राखणीला बसलेल्या शेतकऱ्याजवळ अशा वेळी बॅटरी असते, बडवायला पत्र्याचा डबा असतो आणि परवाना असेल तर ठासणीची बंदूक असते. या बंदुकीत मागून काडतूस सरकवता येत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासून बसवायचा, त्यावर छर्रे, छर्रे सांडू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा. मग मागच्या निपलवर टोपी बसवून घोडा चढवायचा. दीडशे वर्षांपूर्वी पलटणींनी टाकून दिलेली ही रीत कोकणातल्या शेतावर अजून चालू आहे, आणि ती कायद्याला धरून आहे.

बंदूक कुणाची, नळी किती लांब, बार किती पल्ल्याचा, यावर गावात तासन्‌तास बोलणं होतं. आत घालायच्या दारूबद्दल मात्र कुणी बोलत नाही. दुकानात मिळाली ती, शेजाऱ्याने दिली ती, फार तर मागल्या वर्षीची डब्यात उरलेली. या बंदुकीचे बहुतेक धोके या बेफिकिरीतून येतात असं माझं मत झालं आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

मी राहतो पिंपळे गुरवला. पवनेच्या काठचं हे जुनं गाव आता इमारतींनी भरून गेलं आहे आणि त्यात निम्मा महाराष्ट्र येऊन राहिला आहे. भोसरीच्या आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला असलेली कोकणातली घरं इथे गल्लोगल्ली सापडतात. गणपतीला गावी जाऊन आली की पिकाच्या नासाडीच्या गोष्टी सोबत आणतात. त्यातले कुडाळकडचे एक गृहस्थ माझे शेजारी. त्यांच्या घरची बंदूक आजोबांच्या नावावर होती, मग वडिलांच्या, आता थोरल्या भावाच्या नावावर आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दारूगोळ्याचं देशातलं मोठं ज्ञान आमच्या अवतीभवती आहे. नदी ओलांडून दापोडी, पुढे हॅरिस पूल, बोपोडी आणि खडकी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तो आता ज्या सरकारी कंपनीत आला आहे, त्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही पुण्यातच. पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची एआरडीई आणि स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल. देहूरोडला प्रकाशगोळे आणि धुराचे गोळे बनवणारा आयुध कारखाना. या संस्थांत नोकरी करून निवृत्त झालेली माणसं सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी भागात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एकांना मी कुडाळच्या बंदुकीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आधी नळी कसली आहे ते सांगा. दारूचं नंतर बोलू.”

सगळा विषय या क्रमात आहे. दारू नळीला सोसेल अशी निवडायची असते, आणि ठासणीची नळी काळ्या दारूसाठी घडवलेली असते.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. रूढ प्रमाण शंभरात पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. सोऱ्यातून प्राणवायू मिळतो, कोळसा जळतो आणि गंधकामुळे मिश्रण कमी तापमानाला पेट घेतं. हवा कोंडलेल्या नळीत ती जळू शकते ती सोऱ्यामुळे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपच्या लढायांना लागणाऱ्या सोऱ्याचा मोठा वाटा बिहारमधून जात असे, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. कोळसाही कुठल्याही लाकडाचा चालत नाही. हलका, सच्छिद्र, कमी राखेचा लागतो. इंग्लंडात त्यासाठी विलो आणि आल्डरची झाडं वापरत, तर आपल्याकडे तुराट्यांचा कोळसा वापरला जाई. तुरीचं पीक निघाल्यावर बांधावर रचून ठेवतात आणि चुलीत घालतात, त्याच काटक्या.

ही तीन द्रव्यं नुसती एकत्र केली म्हणजे बंदुकीची दारू होत नाही. पूड असेल तर ती नळीत दबून बसते, ज्योतीला आत शिरायला वाट मिळत नाही, आणि बार कधी मंद तर कधी भलताच येतो. म्हणून कारखान्यात मिश्रण ओलं करून दळतात, दाबून वड्या करतात, त्या फोडून दाणे पाडतात, दाणे चाळतात आणि त्यांवर ग्रॅफाइटची झिलई चढवतात. या प्रत्येक टप्प्यावर ठिणगीची भीती असते, म्हणून हे काम मातीच्या भिंतीआड, एकेका खोलीत मोजक्या माणसांकडून करून घेतात. घरी दारू कुटायचा विचारही कुणी करू नये. तो गुन्हा आहेच, पण त्याआधी हात आणि डोळे जातात.

दाण्याचा आकार ही दारू निवडण्यातली पहिली गोष्ट. काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. दाणा बारीक असेल तर एकूण पृष्ठभाग जास्त, जळणं झटपट, दाब चटकन चढतो. दाणा मोठा असेल तर दाब सावकाश चढतो. डब्यावर यासाठी इंग्रजी एफ अक्षर छापलेलं असतं: एक एफ म्हणजे भरड, चार एफ म्हणजे अगदी बारीक. एक एफ मोठ्या तोंडाच्या जुन्या मस्केटींना. दोन एफ अर्ध्या इंचाच्या आणि त्याहून रुंद नळ्यांना. तीन एफ त्याहून अरुंद रायफलींना आणि पिस्तुलांना. चार एफ फक्त चकमकीच्या बंदुकीच्या कानात चिमूटभर, नळीत कधीच नाही. कोकणातल्या ठासणीच्या बंदुका बहुधा गुळगुळीत, रुंद नळीच्या असतात, म्हणजे त्यांना दोन एफचा दाणा. माझ्या शेजाऱ्यांना हे प्रथमच कळलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या बंदूक होती आणि दाण्याचा विचार कुणी केला नव्हता.

किती घालायची, हा पुढचा प्रश्न. इथे लष्कराचा एक जुना आकडा उपयोगी पडतो. १८५७च्या उठावात ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची होती आणि ती रायफल ठासणीचीच होती. शिपाई कागद दाताने फाडून दारू नळीत ओतत असे. त्या कागदात सत्तर ग्रेनच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम दारू असे. एवढ्या दारूने ५३० ग्रेनची शिशाची गोळी शेकडो यार्ड जाई. आकडा सांगितला तो प्रमाण म्हणून नव्हे, कारण प्रत्येक बंदुकीचं प्रमाण तिच्या कारागिराने किंवा कारखान्याने ठरवलेलं असतं. सांगायचं ते एवढंच की युद्धात वापरायच्या रायफलीलाही इतकीच दारू पुरत होती. डुकरं पळवायला मोठा आवाज हवा म्हणून मूठभर ठासणारे लोक आहेत. ठरावीक मर्यादेपुढे घातलेली काळी दारू नळीत जळतच नाही, पेटते दाणे तोंडातून बाहेर फेकले जातात आणि खांद्याला धक्का तेवढा वाढतो. गवत वाळलेलं असलं तर आगही लागते.

धूर आणि काजळी हा या दारूचा स्वभाव आहे. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७५ साली बंद भांड्यात दारू पेटवून मोजमापं घेतली. वजनाच्या जेमतेम ४३ टक्के भागाचा वायू होतो, उरलेला ५७ टक्के भाग घन स्वरूपात मागे राहतो, असं त्यांना आढळलं. पांढऱ्या धुराचे लोट, नळीतली काळी राप, कुजक्या अंड्याचा वास, सगळं या ५७ टक्क्यांतलं. राप नळीत साठत गेली की पुढचा बार ठासायला जड जातो. त्या राखेतले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत नळी गंजायला लागते.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे माणसं मरतात.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू बनवली. तीन वर्षांनी आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८९मध्ये कॉर्डाइट आलं, आणि कॉर्डाइट करणाऱ्या दोघांपैकी एक होता वर उल्लेख केलेला एबल. या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर आम्लांची प्रक्रिया करून केलेला पदार्थ. तिचा जवळजवळ सगळा वायू होतो. धूर नाही, राप नाही, वजनामागे ऊर्जा कितीतरी जास्त. आजच्या जवळजवळ प्रत्येक काडतुसात हीच असते.

दोन्ही दारूंतला निर्णायक फरक दाबाशी निगडित आहे, आणि निवृत्त काकांनी तो मला कागदावर दोन रेघा काढून दाखवला. काळी दारू उघड्यावर जशी भर्रकन जळते, तशीच दाबाखालीही जळते, वेग थोडाच वाढतो. त्यांची पहिली रेघ म्हणून जवळजवळ आडवी होती. बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर पिवळ्या ज्योतीने निवांत जळत राहते, पाहणाऱ्याला ती गरीब वाटते. कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो. दुसरी रेघ कागदाच्या वर निघून गेली. आजच्या रायफलीची पोलादी कोठडी चौरस इंचावर साठ हजार पौंडांचा दाब सोसायला बांधलेली असते. काळ्या दारूच्या बंदुकीत दाब त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या घरात राहतो आणि नळी त्या हिशेबाने घडवलेली असते. गावच्या जुन्या नळीचं लोखंड कुठलं, जोड कसा, मागचा बंद स्क्रू किती आट्यांचा, हे तर कुणालाच ठाऊक नसतं.

तरीही बारा बोअरचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालणारे आहेत. काळी दारू मिळेना, काडतूस हाताशी होतं, एवढंच कारण. पहिला बार कधी कधी नीट जातोही. त्याने धीर येतो आणि पुढच्या वेळी माप वाढतं. शेजाऱ्यांच्या वाडीत एक नळी अशी फाटली आहे. मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर ती केळफुलासारखी उलगडली होती. बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नळीखाली होता, त्या हाताची दोन बोटं गेली. जीव वाचला तो निव्वळ नशिबाने.

दिवाळीच्या दिवसांत दुसरी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. फटाका फोडून त्याची पूड नळीत घालू नका. मोठ्या आवाजाच्या फटाक्यात बहुधा ॲल्युमिनियमची भुकटी आणि सोऱ्यासारखं प्राणवायू पुरवणारं द्रव्य असतं. त्याला दाणा नाही, मोजमाप नाही, आणि ते रेटत नाही, फोडतं. नळीतल्या छर्र्यांना पुढे ढकलायला वेळ लागतो, तेवढा वेळ ही पूड देत नाही. ती घर्षणानेही पेटते, म्हणजे गज ठासतानाच तोंडावर येऊ शकते. पिंपरी-चिंचवडला अशा पुडींची ओळख वेगळ्या प्रकारे झाली आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे इथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या जागेत आग भडकली आणि तिथे काम करणाऱ्या बायका जळून गेल्या. केकवरची मेणबत्ती म्हणून त्या पुडीला कुणी धोका मानलं नव्हतं.

अमेरिकेत ठासणीच्या रायफलींनी हरणांची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम अनेक राज्यांत असतो, त्यामुळे तिथे दारूच्या निवडीवर भरपूर विचार झाला आहे. काळ्या दारूची साठवण आणि वाहतूक त्रासाची, म्हणून पर्याय शोधले गेले. सत्तरच्या दशकात डॅन पॉलाक याने पायरोडेक्स आणली. १९७७ साली कारखान्यातल्या आगीत तो स्वतः गेला, दारू मात्र बाजारात टिकली. ती काळ्या दारूपेक्षा हलकी असते, म्हणून ती वजनाने मोजायची नसते. काळ्या दारूचं जे माप, तेच माप भरून घ्यायचं. तराजूवर तेवढंच वजन घेतलं तर दारू जास्त जाते. तिला पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून चकमकीच्या बंदुकीत ती दगा देते. ट्रिपल सेव्हन नावाच्या दारूत गंधक नाही, ती जोरकस आहे, माप पंधरा टक्क्यांनी कमी घ्यायला कंपनी सांगते. ब्लॅकहॉर्न २०९ तर नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली, तिला साधी टोपी पुरत नाही, शॉटगनच्या काडतुसाचा प्रायमर बसेल अशीच नवी बंदूक लागते. या तिन्हींपैकी एकही कोकणातल्या जुन्या नळीसाठी मी सुचवणार नाही. तिथे योग्य ती एकच: कारखान्यात बनलेली, चाळलेल्या दाण्याची, सीलबंद डब्यातली काळी दारू, परवानाधारक विक्रेत्याकडून पावती घेऊन आणलेली.

आणि ती कोरडी राहिली पाहिजे. शुद्ध सोरा फारसं पाणी ओढत नाही. त्यात इतर क्षारांची भेसळ राहिली की दारू पावसाळ्यात ओलसर होते, दाणे चिकटतात. शेजारी त्यांच्या वडिलांचं वाक्य सांगतात: “दारू भिजली काय बार गेलो फुकट.” ही काळजी आपल्याकडे फार जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गडावरच्या दारूखान्याविषयी नेमक्या सूचना आहेत. तो वस्तीला लागून नसावा, आत माच करून त्यावर दारूची मडकी ठेवावी, ओल लागू देऊ नये, आणि हवालदाराने आठा-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावी. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला डागडुजीइतकंच दारूचं ऊन महत्त्वाचं वाटलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आज उन्हात दारू पसरायची मुळीच गरज नाही. घट्ट झाकणाचा मूळ डबा, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, कुलपात, एवढं पुरे. एकदा ओली होऊन गठ्ठा झालेली दारू वाळवून वापरू नये.

कायदा काय म्हणतो, तेही सांगायला हवं, कारण त्यात बरेच गैरसमज आहेत. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाला तिचा परवाना द्यावा, आणि ती अपुरी पडते अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, असं तिथे म्हटलं आहे. हा परवाना शिकारीचा नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि तिच्या अटी पाळाव्या लागतात. हाकलण्यासाठी काढायच्या बाराला छर्रे लागतच नाहीत. नुसती दारू आणि बोळा पुरतो, तोही माणसाच्या दिशेने कधी नाही. बंदुकीची दारू हा स्फोटक नियमांत पहिल्या वर्गातला पदार्थ आहे, त्या नियमांचा कारभार पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. किती दारू बाळगता येईल ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

२०१६च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याने सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं असं आहे. पण पिढीजात परवान्यावर बंदूक हाताळणाऱ्या शेतकऱ्याला दाणा, माप आणि रापेबद्दल कुणी बसवून शिकवल्याचं मला एकाही घरात ऐकायला मिळालं नाही. परवाना नव्याने करून देण्याच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी दोन तासांचा वर्ग घ्यायला काय हरकत आहे? खडकीसारख्या ठिकाणी नोकरी केलेली माणसं महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत, आनंदाने येतील. काळी दारू वेळेवर आणि रास्त दरात मिळाली तर काडतुसं फोडण्याचं कारणच उरणार नाही. सरकार एका हाताने बंदूक देतं, तर तिच्यात घालायची योग्य वस्तू मिळेल हेही त्यानेच पाहिलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत शिल्लक असेल तर ज्वाळा डब्यापर्यंत येते. वेगळ्या मापात काढून ओता, तोंड नळीवरून बाजूला ठेवून. बोळा आणि छर्रे दारूला भिडलेच पाहिजेत. मध्ये पोकळी राहिली की नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. कुडाळच्या बंदुकीची नळी अंगठ्याने चाचपली तर मध्यावर एक हलका फुगवटा लागतो, दिसत नाही पण लागतो. तो अशाच एखाद्या अर्धवट ठासलेल्या बाराचा असणार. शेजाऱ्यांच्या भावाने ती आता वापरणं बंद केलं आहे आणि शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला दाखवायची ठरवली आहे. टोपी वाजली आणि बार झाला नाही, तर निदान मिनिटभर नळी तशीच रिकाम्या दिशेला धरून उभं राहायचं, कारण दारू आत धुमसत असू शकते. काम संपलं की त्याच दिवशी गरम साबणाचं पाणी, चिंधी, पुसून कोरडं, मग तेल. रॉकेलने राप निघत नाही, ती पाण्यात विरघळणारी आहे.

आणि गजावर खुणा करून ठेवा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडून, नळीच्या तोंडाशी जिथे येईल तिथे एक खूण. नेहमीचा बार ठासल्यावर जिथे येईल तिथे दुसरी. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. डुकरं आली नाहीत म्हणून भरलेली बंदूक तशीच माळ्यावर जाते आणि महिन्यांनी कुणी तरी पुन्हा वर दुसरा बार ठासतो. निवडणुका आल्या की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हाही काही बंदुका भरलेल्या असतात. टोपी काढून गज आत सोडला आणि पहिल्या खुणेपर्यंत गेला नाही, तर नळीत काही आहे. मग ती घोडा ओढून बघायची नाही आणि लोखंडी सळईने खरवडायची नाही. दारू पाण्याने निकामी करून जाणकाराकडून बोळा बाहेर काढून घ्यायचा.

शेजारी यंदा गणपतीला गेले तेव्हा नवा लाकडी गज करून घेतला आणि दोन्ही खुणा तांब्याच्या तारेने गुंडाळून पक्क्या केल्या.